कानातला फाया

"चाचा, घोडी किती घासली म्हणजे पुरे?"

"कुणाची?"

शार्दूलनं हातातल्या फडक्याची उगाचच घडी घातली.

"कुणाची असं नाही... एकूणच विचारतोय."

"एकूण घोडी मी कधी घासली नाही बाबा," दस्तगीरचाचा म्हणाले आणि डोळ्यावरची हिरवी पट्टी बोटानं चाचपून बघितली.

मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीतलं चाचांचं दुकान, गुरुवारची सकाळ. मंगळवारी चाचांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. पंधरा दिवस वाकायचं नाही, हाताला जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. तरी चाचा दुकानात येऊन लोडाला टेकून बसले होते. घरी बसलं की बायकोशी भांडण होतं, आणि त्यात डोळ्यांवर जास्त ताण येतो, असं त्यांचं म्हणणं.

कोपऱ्यात गवसणी घातलेला एक तंबोरा उभा होता. शार्दूल तिकडे बघत नव्हता. न बघण्याचा इतका आटापिटा चालला होता, की एका डोळ्याच्या म्हाताऱ्यालाही तो दिसावा.

"अक्का किती वाजता येणारेत?" त्यानं विचारलं.

"अकराला."

घड्याळात सव्वादहा झाले होते. 

त्यानं काय करून ठेवलं होतं, ते सांगायला हवं.

घोडी म्हणजे तंबोऱ्याच्या तबलीवरचा, भोपळ्याच्या लाकडी झाकणावरचा, तो हाडाचा किंवा शिंगाचा छोटा पाट, ज्याच्यावरून चारही तारा जातात. तिचा माथा कानशीनं अगदी किंचित उतरता करतात. त्या उतारावर तार टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि नुसतं टण् वाजण्याऐवजी तंबोरा गुंजायला लागतो. त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. जवारी काढायला हात लागतो, त्याहून जास्त कान लागतो, आणि सगळ्यात जास्त लागतं थांबणं. कारण घासलेलं हाड परत चिकटवता येत नाही.

शार्दूल संगणकाचा इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी तो चाचांकडे शिकायला आला. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. चाचांना विचारावं, "आता जवारी खुलली हे कसं ओळखायचं?" तर चाचा म्हणत, "कळतं की." हे 'कळतं की' त्याच्या डोक्यात बसेना. जे कळतं ते मोजता यायला पाहिजे, आणि मोजता येतं ते दाखवता यायला पाहिजे, असा त्याचा हिशेब.

म्हणून सहा महिने खपून त्यानं एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं नादपट. एखादं ध्वनिमुद्रण त्यात घातलं, की पडद्यावर त्याचं चित्र उमटे. डावीकडून उजवीकडे वेळ. खालून वर आवाजाची उंची, तळाला खर्ज, माथ्याला अगदी बारीक टिपेचे आवाज. जिथं आवाज जोरात तिथं पिवळाजर्द, जिथं काही नाही तिथं काळं. सुरुवातीला तंबोरा त्यात सारवलेल्या भिंतीसारखा दिसायचा, कशातच काही ओळखू यायचं नाही. मग शार्दूलनं आवाजाचे तुकडे बारीक करून पाहिले, मोठे करून पाहिले, तळाच्या ओळी एकमेकींवर चढत होत्या त्या लांब केल्या, पंख्याची घरघर वेगळी काढून टाकली. आणि एका दुपारी भिंत फुटून रेघा सुट्या झाल्या. एका तारेतून वर चढत गेलेल्या वीस-वीस, तीस-तीस रेघा! शार्दूल खुर्चीवरून उठून नाचला होता.

चाचांना त्यानं ते दाखवलंही होतं.

"हे सगळं ऐकू येतं?" चाचांनी विचारलं होतं.

"माणसाला ऐकू येतं तेवढं सगळं. तळापासून माथ्यापर्यंत."

"बरं," म्हणून चाचा पुन्हा कानशीकडे वळले होते. शार्दूलला वाटलं, म्हाताऱ्याला झेपलं नाही.

पुढे वेणूअक्कांचा तंबोरा तारा बदलायला आला.

वेणूअक्का कुरुंदवाडकर एक्याऐंशी वर्षांच्या. येत्या रविवारी त्यांच्या गुरूंची पुण्यतिथी. त्या दिवशी दत्ताच्या देवळात गुरूंच्या फोटोपुढे बसून तासभर गायचं, ही त्यांची हजेरी. बावन्न वर्षांत ती एकदाही चुकलेली नव्हती. तंबोराही गुरूंनीच दिलेला. त्याची घोडी सांबरशिंगाची. तसं शिंग आता मिळत नाही आणि मिळालं तरी बाळगणं गुन्हा.

अक्कांच्या भाच्यानं शार्दूलला एक जुनी मैफल आणून दिली होती, चाळीसेक वर्षांपूर्वीची. गाणं सुरू व्हायच्या आधी अर्धा मिनिट नुसता हाच तंबोरा वाजतो. शार्दूलनं तेवढा तुकडा नादपटात घातला. पडदा तळापासून माथ्यापर्यंत उजळला. मग त्यानं आत्ताचा तंबोरा छेडून घातला. खालच्या चारसहा रेघा जाडजूड, आणि वरचा अर्धा पडदा काळा ठिक्कर.

त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. दर वर्षी हा तंबोरा चाचांच्याच हातून जातो, म्हणजे चाचांनीच त्याची जवारी अशी मरू दिली. आणि का मरू दिली, तर चाचांना वरचं आता ऐकूच येत नसणार. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, त्यात अत्तराचा शौकीन. एरवी अत्तरात भिजवलेल्या कापसाचा फाया कानाच्या वरच्या खळगीत खोचलेला असे, पण अक्कांचा तंबोरा मांडीवर घेतला की चाचा दोन्ही फाये थेट कानात सारून बसत. असा माणूस जवारी काय ऐकणार!

तेव्हा गुरूची लाज आपणच झाकावी, कुणाला कळूही देऊ नये, असं त्यानं ठरवलं. मंगळवारी चाचा डॉक्टरच्या टेबलावर होते. "तारा बदल फक्त. घोडीला हात लावू नको," असं सांगून गेले होते. शार्दूलनं तारा उतरवल्या आणि कानस उचलली. चार हात घासायचं, तार चढवायची, पडदा बघायचा. पुन्हा चार हात. एकेक काळी ओळ पेटत गेली. शेवटच्या दोन ओळी काही केल्या पेटेनात, तेव्हा त्यानं ठरवल्यापेक्षा जरा जास्तच घासलं. पेटल्या. जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी ठेवलं तर रेघेला रेघ जुळत होती.

बुधवारपर्यंत तो हवेत होता. गुरुवारी सकाळी चाचा हिरवी पट्टी लावून, भिंतीला हात धरत दुकानात शिरले, आणि हवा गेली.

अकराला पाच कमी असताना रिक्षा थांबली.

"दस्तगीर, डोळा कसाय रे तुझा?" अक्का उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"एक झाला, एक राहिलाय."

"काय म्हणालास?"

"बरा आहे, अक्का!"

"मोठ्यानं बोलत जा. हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात," असं म्हणून त्या सतरंजीवर टेकल्या. अक्कांचे कान उत्तम होते. बिघडलेली होती ती सगळ्या मिरजेची तोंडं, असं गेली काही वर्षं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते खोडून काढायची कुणाची छाती नव्हती.

शार्दूलनं गवसणी काढून तंबोरा त्यांच्या मांडीशी दिला. 

अक्कांनी डोळे मिटले आणि तारा छेडल्या.

शार्दूलला वाटलं, दुकान उजळलं. असा तंबोरा त्यानं या दुकानात कधी ऐकला नव्हता. भिंतीवरच्या सतारींच्या तारासुद्धा शहारल्या. त्यानं हळूच चाचांकडे पाहिलं. चाचांचा उघडा डोळा अक्कांच्या चेहऱ्यावर खिळला होता.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा छेडलं. मग भोपळ्याला कान लावून छेडलं.

"दस्तगीर... हा बोलत नाही रे आज."



त्यांनी षड्ज लावून पाहिला. बावन्न वर्षं गुरूंपुढे लावलेला तो षड्ज खाली घसरला, सावरला, पुन्हा घसरला. अक्कांनी लगेच तोंड मिटलं. त्यांचा हात तारांवर तसाच थांबला.

"अरे, मला ऐकू येत नाहीये का?"

हे त्या कुणाला विचारत होत्या, कळलं नाही. पण आवाज इतका बारीक झाला होता की शार्दूलला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"नव्या तारा आहेत अक्का," चाचा मोठ्यानं म्हणाले. "बसायच्यात अजून. उद्या या अकराला."

"तारांचं नाही रे हे." अक्कांनी तंबोरा अलगद आडवा ठेवला. "रविवारचं राहू दे. देवळात निरोप धाड. सूर सापडत नसताना त्यांच्या फोटोपुढं बसून मी काय करू?"

"उद्या या. मग धाडतो."

"उद्यानं काय होणार?"

"उद्या या की, अक्का."

त्या भिंतीला धरून उठल्या. येताना त्यांनी भिंत धरली नव्हती.

रिक्षाचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला.

"चाचा..."

"तारा बदल म्हणालो होतो."

"हो."

"मग?"

"घोडी घासली."

"कधी?"

"मंगळवारी. तुम्ही... तिकडं होतात तेव्हा."

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. शार्दूलनं लॅपटॉप उघडला, कारण त्याला दुसरं काही सुचेना.

"हे बघा. ही जुनी मैफल. हे मागच्या आठवड्यातलं. आणि हे आत्ताचं."

चाचांनी एक डोळा बारीक करून पडद्याजवळ नेला.

"पहिलं न् तिसरं सारखंच दिसतंय."

"सारखंच आहे. रेघन् रेघ."

"मग अक्का रडवेल्या का झाल्या?"

शार्दूलनं तिन्ही चित्रं पुन्हा एकेक करून पाहिली. 

"मला वाटलं..."

"बोल."

"मला वाटलं, तुमचा कान गेलाय."

चाचा हसले. खांदे हलले, तसा पट्टीखालचा डोळा दुखला असावा, कारण त्यांनी लगेच त्यावर तळवा धरला.

मग म्हणाले, "तंबोरा आण."

त्यांनी घोडीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, दोनदा, आणि मग बराच वेळ एकाच जागी नख टेकवून ठेवलं.

"एकदाच होईल आता."

"म्हणजे?"

"एक डाव उतरवण्यापुरतं शिंग उरलंय. त्यात चुकलं तर तारा तबलीवर झोपल्या."

"दुसरी घोडी बसवली तर?"

"बसंल की. तंबोरा दुसरा होईल."

"पण तुम्हाला तर वाकायचं नाही... पंधरा दिवस..."

"मला नाहीच वाकायचं."

"मग कोण करणार?"

चाचा नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

"मी नाही करणार," शार्दूल म्हणाला. "चाचा, मला भीती वाटते. एकदा बिघडवलंय मी. आता चुकलं तर अक्का परत... मी नाही हात लावणार."

"मंगळवारी भीती वाटली नाही?"

"नाही."

"म्हणून बिघडलं."

चाचांनी खुणेनं त्याला जवळ बोलावलं. मग स्वतःच्या दोन्ही कानांच्या खळगीतले फाये काढले. कोनाड्यातली हिना अत्तराची कुपी उघडून त्यात टोकं बुडवली. तळव्यावर वळून वळून कापूस घट्ट केला, आणि शार्दूलचं डोकं लहान मुलाचं धरावं तसं धरून एक फाया त्याच्या उजव्या कानात सारला.

"चाचा, हे काय..."

"आत. अजून आत."

दुसरा डाव्या कानात गेला.

गल्लीतली स्कूटर नाहीशी झाली. शेजारच्या दुकानातलं रंध्याचं खरखरणं नाहीसं झालं. पंख्याचा नुसता हेलकावा उरला. चाचांचे ओठ हलताना दिसले, त्यातलं काही पोचलं, काही नाही. ते पुटपुटल्यासारखे वाटले.

पुटपुटल्यासारखे... शार्दूल जागच्या जागी थिजला.

चाचांनी तंबोऱ्याकडे बोट दाखवलं. त्यानं तारा छेडल्या.

टक्. टक्. टक्. टक्.

तारेवरून सुटणारं बोट ऐकू येत होतं, त्यामागे लांब कुठंतरी एक पातळ किणकिण होती, आणि मध्ये काहीच नव्हतं. ज्यानं सकाळी दुकान उजळलं होतं, तोच तंबोरा हा. शार्दूलनं पुन्हा छेडलं, अक्कांनी छेडलं तसं. मग भोपळ्याला कान लावला, अक्कांनी लावला तसा. षड्ज धरायला जागाच नव्हती.

वर्षानुवर्षं चाचा अत्तराचा शौक म्हणून कानात कापूस घालून बसत नव्हते. दर वर्षी जरा जास्त कापूस, आणि दर वर्षी घोडीवर कानशीचे दोनचार हात. वरचं एकेक मालवत, खालचं भरत आणलं होतं त्यांनी, अक्कांच्या कानाबरोबर पायरी पायरीनं खाली उतरत. अक्कांनाही न सांगता. आणि शार्दूलनं एका दुपारी तो सगळा जिना पाडून टाकला होता.

त्याला रडू आलं. लपवायचा प्रयत्नही त्यानं केला नाही.

चाचांनी कानस त्याच्या हातात दिली, लॅपटॉप मिटला, आणि त्याच्याकडे पाठ करून बसले.

पहिला हात घालायलाच पाव तास गेला. कानस टेकायची आणि उचलायची. मग एकदाचा हात चालला. घोडीचा माथा मागच्या अंगानं गोल करायचा होता, केसाएवढा. कानस वाजत नव्हती, नुसती मनगटात कळत होती. दोन हात. तारा चढव. छेड. टक् टक्. पुन्हा उतरव. एक हात. काचपेपर. चढव. छेड.

किणकिण गेली. तिच्या जागी काहीच आलं नाही.  गेलं, शार्दूलला वाटलं. सगळं गेलं, आता हा तंबोरा मुका झाला, आणि रविवारी अक्का घरीच बसतील, आणि मग बसूनच राहतील.

"चाचा!"

पाठ हलली नाही.

"चाचा, पुरे का?"

त्याला स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा ऐकू आला. चाचांनी मान वळवली नाही.

अजून एक हात. अर्धा म्हणू. त्यानं तार चढवली, सूर जुळवायचा मणका सरकवला, घोडीवर तारेखाली घातलेला जवारीचा रेशमी धागा नखानं केसभर मागे घेतला, आणि खर्ज छेडला.

कापसापलीकडून काहीतरी आलं. आधी मांडीत कळलं, मग छातीत, आणि मग कानात. जाड, गोल, संपता न संपणारं. त्यात एक जागा होती, पाट मांडावा तशी, आणि तिथं षड्ज आपण होऊन येऊन बसला. शार्दूलनं तो लावला. घसरला नाही.

कानस अजून हातात होती. अजून एक हात घातला तर अजून भरेल का, असं मनात आलं. आणि मंगळवारच्या त्या शेवटच्या दोन ओळी आठवल्या.

त्यानं कानस खाली ठेवली.

थोड्या वेळानं चाचा वळले. तंबोरा त्यांनी छेडून पाहिला नाही. खाली ठेवलेल्या कानशीकडे पाहिलं आणि चहा सांगितला.

त्या दिवशी शार्दूलनं दुसऱ्या कामाला हात लावला नाही. कापसातून आपल्याला ऐकू आलं ते खरं, की नुसत्या भीतीनं तसं वाटलं? आपल्या कानातला कापूस आणि अक्कांचं वय एकच आहे, हे कुणी सांगितलं? मोजायचं कशानं? लॅपटॉप समोर होता. उघडायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी पावणेअकरालाच त्यानं फाये कानात घालून घेतले. अक्कांना ऐकू येईल तेवढंच आपल्याला यावं, जास्त नको.

अक्का आल्या, पण उंबऱ्यावरच थांबल्या. "दस्तगीर, मी निरोप सांगायला आलेय. बसत नाही."

"आलाय तर हात लावून जा."

"कशाला उगाच..."

"तारा बसल्यात. बघा तरी."

त्या नाइलाजानं टेकल्या. तंबोरा घेतला, पण डोळे मिटले नाहीत. कालची जखम ताजी होती. बोट तारेपाशी नेलं आणि तिथंच थांबवलं. 

छेडला.

अक्कांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही... दुसऱ्यांदा छेडला... तिसऱ्यांदा...

मग त्यांचे डोळे मिटले.

किती वेळ त्या नुसत्या छेडत राहिल्या कोण जाणे. चाचा लोडाला टेकले होते, त्यांचा एक डोळा छताकडे होता. मग अक्कांचं तोंड उघडलं, आणि कापसाच्या भिंतीतून शार्दूलला रविवारी गायच्या मुलतानीचा निषाद ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग षड्ज. म्हातारा, थोडा फाटलेला. पण जागेवर.

त्या अर्धा तास गायल्या. समोर गिऱ्हाईक उभं राहिलं, ते तसंच उभं राहिलं.

थांबल्यावर अक्कांनी पदरानं डोळे टिपले आणि एकदम खडसावल्यासारख्या म्हणाल्या, "काल काय रे झालं होतं ह्याला? मी रात्रभर जागी! मला वाटलं, माझेच कान गेले."

"नव्या तारा, अक्का. मी म्हणालो नव्हतो?"

"काय?"

"नव्या तारा!"

"तेच म्हणते मी. नीट मोठ्यानं बोलायला काय होतं तुला? आणि हा पोरगा का रडतोय?"

"भुसा गेला डोळ्यात!"

"पट्टी लाव म्हणावं तुझ्यासारखी. रविवारी पाचला या दोघं." अक्का उठल्या. तंबोरा घेऊन मागे रिक्षावाला, आणि पुढे अक्का. भिंत धरली नाही.

गल्ली रिकामी झाली. शार्दूलनं मिटलेल्या लॅपटॉपकडे बघितलं. त्यावर कालपासूनचा भुसा बसला होता.

"चाचा, मी हे पुसून टाकतो."

चाचांनी भुवई उचलली.

"सहा महिने फुकट गेले. माणसाला ऐकू येतं तेवढं सगळं दाखवतो म्हणे! आजच काढून टाकतो, मुळापासून," असं म्हणत त्यानं कानातला कापूस काढायला हात वर नेला.

चाचांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं लॅपटॉपवरचा भुसा झटकला. मग त्याच्या कानाशी वाकले, डॉक्टरनं नको म्हटलं असतानाही, आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले...

"कापूस राहू दे. आता उघड ते. अक्कांचा कान शिकव त्याला."